यीस्टचं सोवळं

नीरजा लहानपणापासून देवाला हात जोडताना एका डोळ्याने नैवेद्याच्या ताटाकडे बघणारी. सोवळं, उपास, व्रत हे शब्द तिच्या तोंडून निघालेच तर चेष्टेत. पण गणपती गेल्यावर एके दिवशी तिने सकाळी उठून शिकेकाईने न्हायला सुरुवात केली, रोज, न चुकता. वर धुतलेला सुती ड्रेस, धुतलेली ओढणी, आणि स्कूटीवर तोंडाला बांधायचा स्कार्फसुद्धा धुतलेला. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर तिच्या आईला वाटलं, पोरीला कोणीतरी महाराज भेटले.

"कुठलं व्रत धरलंयस गं?" आईने शेवटी विचारलंच.

"यीस्टचं."

"कुणाचं?"

"यीस्टचं, आई. पाव फुगवायचं यीस्ट. त्याला माशी शिवलेली चालत नाही."

आईने कपाळावर हात मारून घेतला. सोळा सोमवार सांगून थकले तेव्हा एक धड केला नाही कार्टीने, आणि आता पावाच्या पिठासाठी रोज डोक्यावरून अंघोळ! पण मुलगी वेळेवर उठते आहे, केस नीट बांधते आहे, हे काय कमी होतं? आई गप्प बसली. पुण्यातली आई गप्प बसते म्हणजे नंतरसाठी राखून ठेवते, एवढं आपलं ध्यानात असू द्यावं.

तर झालं होतं असं. नीरजा ज्या संस्थेत पीएच.डी. करत होती तिथे एका अरुंद बोळाच्या दोन बाजूंना दोन प्रयोगशाळा होत्या. डावीकडे डॉ. दिगंबर खांबेटे, नीरजाचे सर. त्यांच्याकडे फळमाश्या. पिकल्या केळ्यावर घोंघावतात ना, चिलटाएवढ्या, त्याच. काचेच्या बाटल्यांत, मक्याच्या खिरीवर पोसलेल्या, हजारांनी. उजवीकडे डॉ. यमुनाबाई वानखडे, मूळच्या दर्यापूरच्या. त्यांच्याकडे यीस्ट. आता माशीचं आवडतं खाणं कोणतं, तर यीस्ट. म्हणजे ज्याने खोल्या वाटल्या त्याने मांजराच्या शेजारी दूध तापत ठेवलं होतं.

व्हायचं तेच झालं. फार वर्षांपूर्वी एकदा यमुनाबाईंच्या यीस्ट वाढवायच्या बंद ताटल्यांत माशी सापडली, अख्ख्या प्रयोगाचं मातेरं झालं, आणि बाई तरातरा बोळ ओलांडून सरांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. सरांनी काय करावं? माफी मागावी? छे! ते सदाशिव पेठेत वाढलेले. ते म्हणाले, "माशीने आपलं यीस्ट चाखलं, म्हणजे दर्जा बरा असावा." झालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद, ते बंदच.

बोलणं बंद, पण पाट्या सुरू. यमुनाबाईंच्या दारावर लागलं: "माश्या व माशीवाले यांना प्रवेश नाही. अपवाद नाही. विचारू नये." दुसऱ्या दिवशी सरांच्या दारावर: "आमच्या माश्या सुसंस्कृत आहेत. न बोलावता कोणाकडे जात नाहीत." बाहेरून येणारे पाहुणे त्या पाट्यांचे फोटो काढत आणि दोन्ही बाजूंना वाटे की आपलीच पाटी सरस.

नीरजाला या भांडणाची पहिली चार वर्षं मजा वाटली. पाचव्या वर्षी घशाशी आलं.

तिचं काम असं होतं. माशीच्या अळीच्या पोटात डोळा घडत असतो, तेव्हा अमुक जनुक उघडायचं, तमुक मिटायचं, हे ठरवावं लागतं. ते ठरवतात प्रथिनं, आणि गंमत म्हणजे एकट्याने कोणीच ठरवत नाही. हे तिने आईला समजावलं होतं ते स्वयंपाकघरात, शेंगा सोलता सोलता. "समज, एक अण्णा आहेत. ते जनुकाच्या दाराशी जाऊन बसतात. बसतात ते बसतात, करत काहीच नाहीत. तात्या येऊन त्यांचा हात धरतात तेव्हा दार उघडतं आणि डोळा घडायला लागतो. पण तात्यांच्या जागी भाऊंनी येऊन हात धरला, की तेच अण्णा तेच दार लावून घेतात."

"म्हणजे आपल्या सोसायटीचे चेअरमन," आई म्हणाली. "सेक्रेटरी बरोबर असले की हो, खजिनदार बरोबर असले की नाही."

"अगदी तस्सं!"

नीरजाला माश्यांचं एक वाण सापडलं होतं. त्यातल्या माश्यांना डोळेच नव्हते. बाकी छान, उडतात, खातात, लग्नं करतात. डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. त्यांच्या तात्यांमध्ये एका जागी एवढीशी चूक होती. नीरजाचं म्हणणं, त्या चुकीमुळे तात्यांना अण्णांचा हात धरता येत नाही, म्हणून डोळा नाही. म्हणणं सुंदर होतं. पण पुरावा? हात धरला की सुटला हे माशीत दिसत नाही. ते दाखवायची युक्ती यीस्टमध्ये होती: दोन्ही प्रथिनं यीस्टच्या पेशीत घालायची, त्यांनी हात धरला तर यीस्टचा ठिपका निळा होतो, नाही धरला तर पांढराच राहतो. आणि अख्ख्या इमारतीत हे करणाऱ्या फक्त यमुनाबाई.

इकडे नीरजाची शिष्यवृत्ती संपली होती. दिवाळीनंतर समिती बसणार होती. पुरावा असेल तर पुढे, नसेल तर रामराम. आणि तिकडे धाकटा भाऊ आमोद. तो हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता, हप्त्याने गाडी घेतली होती, आणि ताईसाठी त्याने स्वतःच्या टीममध्ये टेस्टिंगची जागा बोलून ठेवली होती. "ताई, दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंत सांग हं. बॉस थांबणार नाही. माश्यांचे डोळे बघून बघून तुझेच जातील एक दिवस." पोरगा मनाने चांगला, पण बोलायची तऱ्हा घराण्याचीच.

नीरजाला जायचं नव्हतं. पहाटे, अंधाऱ्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाखाली अळीच्या पोटातली डोळ्याची चकती कधी हिरवी चमकताना पाहिलीय का कोणी? तिने पाहिली होती. ज्याने एकदा पाहिली त्याला दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत बसायला सांगणं म्हणजे शिक्षाच की! म्हणून एके दुपारी तिने सगळं धैर्य गोळा केलं आणि 'विचारू नये' लिहिलेल्या पाटीवर टकटक केली.

यमुनाबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, घातला. "काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "सोपं नाही. पण तू तर माशीवाली."

"मी काय वाट्टेल ते करीन, मॅडम."

"मग ऐक. सकाळी न्हाऊन यायचं. धुतलेले कपडे. घरून थेट इथे. आधी माझं काम, मग तिकडे जायचं ते जा. आणि एकदा तिकडे गेलीस की त्या दिवशी परत माझ्या दारात नाही. तुम्ही पुणेकरांनी सोवळं शोधून काढलं, पण ते वापरायचं कुठे ते तुम्हाला कधी कळलं नाही. मी सांगते. इथे."

आणि नीरजाने ते पाळलं, अगदी कडक. वाटेत भाजीच्या गाडीजवळून जाताना ती श्वास रोखून स्कूटी पळवायची. सरांना सांगितलं होतं, सकाळी ग्रंथालयात असते. सर सूक्ष्मदर्शकातून डोकं वर न काढता एकदा म्हणाले, "ग्रंथालयात हल्ली न्हाऊन जायची प्रथा पडलेली दिसते. चांगलं आहे. पुस्तकांना जिवाणू लागत नाहीत." नीरजाने घाईघाईने बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायला घेतल्या.

बघता बघता नवरात्र आलं. खंडेनवमीला सगळं काम अखेरच्या सहा ताटल्यांवर येऊन ठेपलं होतं. तीन ताटल्या धडक्या तात्यांच्या, तीन चुकलेल्या तात्यांच्या. निळं व्हायचं औषध घातलेलं, उबवण यंत्रात ठेवलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रंग कळणार होता.

त्या दिवशी दुपारी यमुनाबाईंनी यंत्रांची पूजा केली. दरवर्षी करत. त्या कट्टर नास्तिक; पण त्यांचे वडील, बापू, दर्यापुरात खंडेनवमीला वखर, विळे, तिफण अशी अवजारं मांडून हळदकुंकू वाहायचे, आणि ते एवढं बाईंनी सोडलं नव्हतं. सेंट्रिफ्यूजला कुंकू, तराजूला झेंडू, उबवण यंत्राला हार. तबकात उद्याच्यासाठी आपट्याची पानं. आणि मंडईतून स्वतः निवडून आणलेली वेलची केळी, घमघमाट सुटलेली. "बापूंच्या पूजेला केळी लागायचीच," असं म्हणत त्यांनी ती फणी उबवण यंत्राच्या डोक्यावर ठेवली. तिथे ऊब छान असते. नीरजानेही वाकून नमस्कार केला. मनात म्हणाली, अण्णा-तात्या, लाज राखा रे बाबांनो!

दसऱ्याला संस्थेला सुट्टी. नीरजा न्हाऊन, धुतलेलं नेसून हजर. बाई आधीच आलेल्या. दोघींनी मिळून यंत्राचं दार उघडलं.

चुकलेल्या तात्यांच्या एका ताटलीत, झाकणाच्या आत, एक माशी ऐटीत फेऱ्या मारत होती.

 मग यमुनाबाई फुटल्या. चिडल्या की त्यांची सगळी प्रमाणभाषा थेट दर्यापूरला निघून जायची. "मले माहीतच होतं! काय करून राह्यली तू? एवढं सांगून, एवढं बजावून, आणली ना शेवटी?"

"मॅडम, आई शप्पथ, मी आज आमच्या लॅबमध्ये पाऊलसुद्धा टाकलेलं नाही!"

"मग ही काय रिक्षानं आली? फेक. सगळ्याच्या सगळ्या. माझा नियम आहे, यंत्रात एक माशी म्हणजे सगळं बाद. आणि उद्यापासून यायचं नाही."

नीरजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रोजच्या अंघोळी, रोजची धावपळ, सरांशी बोललेलं खोटं, सगळं कचऱ्याच्या डब्यात! सोमवारी हिंजवडी. गळ्यात ओळखपत्राची पट्टी. तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. पण पाच वर्षं जिने दुसरं काहीच केलेलं नाही तिचे हात आपोआप ठरलेलंच करू लागले. तिने ती ताटली उचलली आणि बर्फावर ठेवली.

"आता हे काय?"

"गारठली की पडते, मॅडम. फेकायची तर फेकू. पण मी माशीवाली आहे. बघितल्याशिवाय माशी फेकत नाही."

माशी पडली. यीस्टचे ठिपके बघायचा साधा सूक्ष्मदर्शक कोपऱ्यात होता, त्याखाली नीरजाने ताटली सरकवली. सवयीने आधी डोळे पाहिले. लाल. दोन्ही जागच्या जागी, भरलेले.

"आमच्या बहुतेक माश्यांचे डोळे पांढरे, नाहीतर नारिंगी," ती हळूच म्हणाली. "हिचे लाल आहेत."

"बहुतेक?" बाईंनी नेमका शब्द पकडला. "लाल डोळ्यांच्या नाहीतच का तुमच्याकडे?"

नाहीत म्हणून सांगितलं असतं तर कोणाला कळणार होतं? जिभेवर आलंही होतं. पण असलं खोटं नीरजाला जमेना. "आहेत," ती म्हणाली. "एक बाटली आहे. तुलनेला ठेवतो."

"मग?"

मग काय? संपलंच. नीरजाने काडीने माशीला पालथं केलं, उगाच, हाताला चाळा म्हणून. आणि ती ओरडली, "मॅडम! पाठ बघा, पाठ!"

"कोणाची पाठ?"

"हिची! अहो, पट्टे आहेत! डोक्यापासून पाठीवर रुपेरी पट्टे! आमच्या माशीची पाठ साधी असते, मधाच्या रंगाची. ही आमची नव्हेच. ही जातच वेगळी. ही बाहेरची, पिकल्या फळावरची!"

यमुनाबाईंनी तिला बाजूला सारून स्वतः डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग त्या सावकाश सरळ झाल्या आणि दोघींनी एकदमच वर बघितलं. उबवण यंत्राच्या डोक्यावर, कालपासून उबेत बसून काळ्या ठिपक्यांनी भरलेली बापूंची वेलची केळी. त्यांच्यावर आणखी चार जणी मजेत घिरट्या घालत होत्या. काल निघताना बाईंनी यंत्राचं दार उघडून ताटल्यांची झाकणं उचलून पाहिली होती, तेव्हाच एक आत शिरली असणार.

बाईंनी हात उंचावून फणी खाली उतरवली. 

"मी दरवर्षी ठेवते," बाई म्हणाल्या. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण त्यांचा चेहराच उतरला. त्या कपाटाकडे गेल्या, मागच्या बाजूला हात घालून त्यांनी एक छोटीशी नळी बाहेर काढली. नळीत स्पिरिट, स्पिरिटात एक माशी. वर चिकटपट्टीवर बाईंच्या अक्षरात: 'पुरावा'.

"त्या वर्षीची," त्या म्हणाल्या. "संचालकांपुढे ठेवायला जपून ठेवली होती. तेव्हाही दसराच झाला होता नुकता."

"तुम्ही ही कधी सूक्ष्मदर्शकाखाली...?"

"माशी ती माशी, तिच्यात काय बघायचं?"

त्यांनी स्वतःच ती काढली, काचेवर ठेवली, स्वतःच पाहिली. डोळ्यांचा रंग इतक्या वर्षांत स्पिरिटात उतरून गेला होता. पट्टे मात्र होते. डोक्यापासून पाठीपर्यंत.

नीरजाला हसू येत होतं, आणि हसलो तर मेलो हेही कळत होतं. तिने ओठ घट्ट मिटले. पण हसू फुटलं ते यमुनाबाईंनाच. आधी खांदे हलले, मग चष्मा काढावा लागला. "अवं माय!" त्या म्हणाल्या. "मी त्या माणसाशी इतकी वर्षं केळ्यावरून भांडली!"

आणि मग एकदम गंभीर होऊन, "अगं, ताटल्या! रंग कोण बघणार?"

माशीच्या नादात दोघीही तेच विसरल्या होत्या. नीरजाने ट्रे बाहेर काढला आणि माशीची ताटलीही त्यात ठेवली. धडक्या तात्यांच्या तीन ताटल्या: ठिपके निळे. निरशा दुधात नीळ पडावी तसे नाहीत, चांगले गडद, मोराच्या गळ्यासारखे. चुकलेल्या तात्यांच्या तिन्ही ताटल्या, माशी हिंडलेलीसुद्धा: पांढऱ्याशुभ्र. हात सुटला होता. म्हणून डोळा नव्हता. पाच वर्षांचं म्हणणं तिथे ट्रेमध्ये डोळ्यांना दिसत होतं.

नीरजा मटकन स्टुलावर बसली आणि चक्क रडली. बाईंनी तिच्या न्हालेल्या, ओल्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको. माशीची ती ताटली बाद धर, बाकीचं परत एकदा करू. पण खरं आहे हे. मी एवढी वर्षं निळा बघते आहे." मग त्यांनी तबकातलं एक आपट्याचं पान उचललं, पदर सारखा केला, केळ्यांची फणी दुसऱ्या हातात धरली आणि म्हणाल्या, "चल."

बोळ चार पावलांचा. पण ती चार पावलं टाकताना यमुनाबाई दोनदा थांबल्या.

सर होतेच. माश्यांना दसऱ्याची सुट्टी नसते, खीर रोज लागते. दारात यमुनाबाईंना बघून ते उठून उभे राहिले, आणि नीरजाने त्यांना प्रथमच गोंधळलेलं पाहिलं.

"सोनं घ्या," बाई म्हणाल्या आणि पान पुढे केलं. "माशी तुमची नव्हती. तेव्हाही नाही, आजही नाही. माझ्या केळ्यांची होती. चुकलं माझं."

सरांनी पान घेतलं, उजेडाकडे धरलं. जीभ काही स्वस्थ बसेना. "आपट्याचंच आहे ना? हल्ली मंडईत कांचनाचं खपवतात."

"सूक्ष्मदर्शकाखाली घालून बघा," बाई म्हणाल्या. "बघितल्याशिवाय बोलू नये, हे मी आजच शिकले. तुमच्या विद्यार्थिनीकडून."

सर हसले. मग खाली वाकून त्यांनी पान कपाळाला लावलं, आणि मान वर न करता म्हणाले, "मीही तेव्हा माफी मागायला हवी होती. यीस्टचा दर्जा खरंच चांगला होता." आणि नीरजाकडे वळून, "काय, ग्रंथालयात काय निघालं आज? निळं की पांढरं?"

"सर! तुम्हाला माहीत होतं?"

"शिकेकाईचा वास येणारं ग्रंथालय अख्ख्या पुण्यात नाही. मी विचारलं असतं तर मला 'नाही' म्हणावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही."

"निळं," नीरजा म्हणाली. "आणि पांढरंही. दोन्ही, जिथे हवं तिथे."

सर दोन्ही हात टेबलावर टेकून उभे राहिले. कौतुक करायची सवय नसलेल्या माणसाची जी पंचाईत होते ती त्यांची झाली. "बरं आहे," ते म्हणाले. पुण्यात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही.

"हिची शिष्यवृत्ती संपली आहे म्हणे," यमुनाबाई म्हणाल्या. "माझ्या प्रकल्पात एक जागा रिकामी आहे. तोवर तिथे घेते."

"विद्यार्थिनी माझी आहे."

"तुमचीच. डोळे तुमच्याकडे बघेल, हात माझ्याकडे. सकाळी मी, दुपारी तुम्ही."

सरांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. नीरजाला वाटलं, अण्णा इतकी वर्षं दाराशी नुसते बसून होते, आज तात्या आले. पण हे तिने मोठ्याने म्हटलं नाही. दोघांपैकी अण्णा कोण यावरून पुन्हा भांडण लागलं असतं.

ती बाहेर आली आणि बोळातूनच तिने आमोदला फोन लावला. "आमोद, तुझ्या बॉसला सांग, ताई येत नाही."

"विचार कर हं, ताई. चांगली जागा आहे."

"केला. माझा तात्यांनी हात धरला."

"कोण तात्या? ताई, बरी आहेस ना? आई, अगं आई, ताई लग्न ठरवतेय की काय बघ!"

नीरजा पोट धरून हसत राहिली. मागे दोन्ही दारांवरच्या पाट्या निघत होत्या. सर सुतळी सोडत होते आणि बाई त्यांना गाठ कशी सोडायची ते सांगत होत्या. फोन ठेवून ती वळली तेव्हा यमुनाबाईंनी तिला हाक मारली.

"नीरजा, पाटी गेली म्हणून उद्या तशीच येशील. न्हाणं मात्र चालूच ठेवायचं हो."

"आणि केळी, मॅडम?"

बाईंनी हातातल्या फणीकडे पाहिलं आणि ती सरांच्या हातात ठेवली. "केळी आजपासून इकडे. माशी जिथली तिथे राहील."